रेषांचा अवतार आणि माणसांचा चित्रपट

पाचसहा पुरुष एका ओळीत उभे राहतात, एकाच लयीत पाय आपटतात, हात पुढे फेकतात, कमरेतून वळतात आणि पुन्हा हात फिरवतात. कवायत मेहनतीने बसविलेली आहे, यात शंका नाही. ती संपत आली म्हणजे पडद्याच्या कडेने एकुलता एक धोंडा हवेत तरंगत येतो आणि अत्यंत संथपणे शत्रूच्या दिशेने निघतो. एवढा खटाटोप एवढ्यासाठी काय, असा प्रश्न पाहणाऱ्याच्या मनात उभा राहतो. तोच धोंडा त्या गड्यांनी हातांनी उचलून भिरकावला असता तर शत्रूला तो लवकर लागला असता! एम. नाइट श्यामलन यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘द लास्ट एअरबेंडर’ या चित्रपटातील हे दृश्य. १ जुलै २०१० रोजी तो अमेरिकेत प्रदर्शित झाला. त्रिमितीचा चष्मा लावून तो पाहायला बसलेल्यांत असे अनेक जण होते, की ज्यांनी हीच कथा पूर्वी दूरचित्रवाणीवर रेखाचित्रांच्या रूपात भाग भाग करून पाहिली होती. त्यांच्या लेखी हा धोंडा साऱ्या चित्रपटाचे चिन्ह होऊन बसला. त्याची थट्टा अद्याप संपलेली नाही.

ती मूळ मालिका म्हणजे ‘अवतार : द लास्ट एअरबेंडर’. मायकेल डान्टे डिमार्टिनो आणि ब्रायन कोनिएट्झ्को या दोघांनी ती निर्माण केली आणि निकेलोडियन या अमेरिकी वाहिनीवर २१ फेब्रुवारी २००५ ते १९ जुलै २००८ या काळात तिचे एकसष्ट भाग दाखविण्यात आले. घरोघरी अशा मालिकांना सरसकट ‘कार्टून’ म्हणण्याची रीत आहे आणि त्या शब्दाबरोबरच त्यांची किंमतही ठरून जाते. या मालिकेच्या बाबतीत तसे झाले नाही. पीबडीसारखा प्रतिष्ठेचा पुरस्कार तिला मिळाला आणि मुलांना सोबत म्हणून पाहायला बसलेले आईबाप मुले झोपल्यावरही पाहत राहावेत, अशी तिची कथा होती.

त्या जगात जल, पृथ्वी, अग्नी आणि वायू या चार महाभूतांची चार राष्ट्रे आहेत. (पाचवे आकाश तेथे कोणाच्या वाट्याला आलेले नाही, हे भारतीय वाचकाच्या चटकन ध्यानात येते.) प्रत्येक राष्ट्रातील काही माणसांना आपापले महाभूत हव्या त्या दिशेने वळविण्याची विद्या अवगत असते. चारही वळविता येतात ते फक्त अवताराला. तो एक देह टाकून दुसऱ्यात जन्म घेत राहतो. या खेपेचा अवतार आंग नावाचा बारा वर्षांचा भिक्षू आहे. जबाबदारीला भिऊन तो पळाला, वादळात सापडला आणि शंभर वर्षे हिमनगात निजला. जागा झाला तेव्हा अग्निराष्ट्राने त्याचा सारा वायुपंथ कापून काढलेला होता. पोर खेळकर आहे आणि त्याच्या माथ्यावर एका नष्ट झालेल्या लोकसमूहाचे ओझे आहे. या दोन गोष्टी एकाच देहात नांदविणे हेच त्या मालिकेचे खरे काम होते. हिमनगातून डोळे उघडताच आंग कटाराला पहिली गोष्ट विचारतो ती अशी की, माझ्याबरोबर पेंग्विनांवर बसून घसरगुंडी खेळायला येतेस का? जगाचा तारणहार असा प्रकट होतो. प्रेक्षकाचा जीव त्याच्यावर जडतो तो तेथेच. चित्रपटात पेंग्विन नाहीत आणि घसरगुंडीही नाही. चित्रपटातला आंग सुरुवातीपासूनच चिंताक्रांत आहे.

आता गंमत अशी आहे की, ज्याला केवळ रेषा म्हणून बाजूला सारले जाते त्या मालिकेच्या मुळाशी खरी माणसे, खरी शरीरे होती. चारही विद्यांना चीनमधील चार निरनिराळ्या युद्धकलांचा आधार दिलेला होता. पाणी वळविणाऱ्यांच्या हालचाली ताय चीच्या, पृथ्वीच्या हुंग गारच्या, अग्नीच्या उत्तर शाओलिन परंपरेच्या आणि वायूच्या बागुआच्या, गोल गोल पावले टाकीत शत्रूला चकविण्याच्या. सिफू किसू नावाचे युद्धकलेचे शिक्षक सल्लागार म्हणून नेमलेले होते. ते व त्यांचे सहकारी प्रत्यक्ष हालचाली करून दाखवीत, त्यांचे चित्रण होई आणि ते समोर ठेवून चित्रकार रेषा काढीत. यांतील बहुतेक रेखाटन दक्षिण कोरियातील स्टुडिओंमध्ये झाले. ‘लेक लाओगाय’ या भागासाठी सांग-जिन किम या कोरियन चित्रकाराला एमी पारितोषिकही मिळाले. पडद्यावर दिसणाऱ्या चिनी अक्षरांकरिता स्वतंत्र सुलेखनकार होता. म्हणजे कल्पित जगातल्या पाट्यासुद्धा वाचता येण्याजोग्या होत्या.

याचा परिणाम असा की, चित्रातला मुलगा पाय रोवतो तेव्हा जमिनीला ते कळते. पाय आपटणे आणि दगड उसळणे ही तेथे एकच क्रिया आहे. तबल्यावर थाप आणि तिचा नाद यांच्यामध्ये जसे अंतर नसते तसे. श्यामलन यांच्या चित्रपटात नेमके हे अंतर पडले. आधी हातवारे, मग क्षणभर वाट पाहणे, मग संगणकावर तयार केलेली ज्वाला किंवा पाण्याचा गोळा. थाप आता पडली, नाद मागाहून येणार! प्रमुख भूमिकेतील नोआ रिंगर हा टेक्सासचा मुलगा तायक्वांदोत चांगला तयार झालेला होता. त्याच्या शरीरात कसब नव्हते असे कोणी म्हणणार नाही. दिग्दर्शकाने तुकडे न पाडता लांबच लांब दृश्ये घेतली, हाही हेतू म्हणून चांगलाच. युद्धकला ज्याला येते त्याच्याकडे कॅमेऱ्याने टक लावून पाहावे. परंतु टक लावून पाहिल्यामुळेच हातवारे आणि परिणाम यांचा काडीमोड अधिक उघडा पडला. रेषांत शरीर होते आणि शरीरांचा चित्रपट काढताना ते निसटले, असा हा विपरीत प्रकार आहे.

धोंड्याच्या त्या प्रसंगात आणखी एक चूक आहे आणि ती हालचालींच्या चुकीपेक्षा खोल आहे. मूळ मालिकेच्या सहाव्या भागात पृथ्वी वळविणाऱ्यांना डांबलेले आहे ते समुद्रात उभ्या केलेल्या एका लोखंडी तळावर. भोवती पाणी, पायाखाली धातू, माती चिमूटभरही नाही. त्यांची विद्या हिरावून घेण्यासाठी मुद्दाम ती जागा निवडलेली आहे. कटारा स्वतःला मुद्दाम पकडवून घेऊन तेथे जाते आणि कैद्यांपुढे आवेशाने भाषण करते. एकही कैदी उठत नाही. ती अवाक् होते. पुढे हवेच्या नळ्यांतून कोळसा वर आणला जातो, कोळसाही पृथ्वीचाच भाग, असा त्यामागचा विचार. त्याचा ढीग समोर पडला तरी ती माणसे जागची हलत नाहीत. तुरुंगाचा अधिकारी त्यांना हसतो आणि पाठ फिरवतो. तेव्हा कोठे हारू नावाचा एक मुलगा कोळशाचा एक तुकडा त्याच्या डोक्यावर मारतो. वीसबावीस मिनिटांच्या मुलांच्या मालिकेत पराभूत माणसांच्या मनाचा हा अभ्यास आहे. साधन हाती आले म्हणून हिंमत येत नाही, हे त्या भागाच्या लेखकांना ठाऊक होते.

चित्रपटात ही माणसे कैद आहेत ती मोकळ्या मैदानात. पायाखाली माती, मागे डोंगर. आंग येऊन सांगतो की अहो, पृथ्वी तर तुमच्या पायांखालीच आहे. आणि ती माणसे उठतात. एवढी साधी गोष्ट त्यांना इतके दिवस सुचली कशी नाही, हे कोणी विचारीत नाही. उलट, अग्नी वळविणाऱ्यांच्या बाबतीत चित्रपटाने नवा नियम केला. मालिकेत ते आपल्या श्वासातून ज्वाला काढतात; चित्रपटात त्यांना आधीच पेटलेली आग जवळ असावी लागते. म्हणजे जेत्यांना मशाल शोधावी लागते आणि जितांना मात्र त्यांच्या शस्त्राच्या कोठारातच कोंडलेले! कल्पित कथेला वास्तवाचे नियम लागू नाहीत हे खरे. परंतु तिने स्वतः घालून घेतलेले नियम तिला दुपटीने लागू असतात. राक्षस आहे असे सांगितले की श्रोता मान डोलावतो. पण राक्षसाचा प्राण पोपटात आहे असे एकदा सांगितल्यावर पोपट मेला आणि राक्षस जिवंत राहिला तर श्रोता उठून जातो.

कालाची अडचण होतीच. पहिल्या पर्वाचे वीस भाग म्हणजे जवळजवळ साडेसात तासांचा ऐवज. चित्रपट एकशेतीन मिनिटांचा. काटछाट केल्यावाचून गत्यंतर नव्हते आणि तेवढ्यासाठी कोणी दिग्दर्शकाला दोष देऊ नये. प्रश्न काय ठेवले याचा आहे. श्यामलन यांनी घटना ठेवल्या आणि त्या घटना ज्यांच्यामुळे घडाव्याशा वाटतात ती माणसे वगळली. सोका आणि उत्तरेची राजकन्या युए यांचा स्नेह मालिकेत हळूहळू, अवघडलेल्या संभाषणांतून जुळत जातो. चित्रपटात निवेदिका दोघांची मैत्री झाल्याचे एका वाक्यात सांगून मोकळी होते. पुढे चंद्रासाठी ती राजकन्या प्राण देते, तेव्हा प्रेक्षकाला दुःख व्हावे कसे? त्याची तिच्याशी ओळखच करून दिलेली नाही. राजपुत्र झुकोच्या चेहऱ्यावरील भाजल्याचा डाग चित्रांत डाव्या डोळ्याभोवती लालभडक पसरलेला आहे. युद्धसभेत नव्या, कोवळ्या सैनिकांचा बळी देण्याच्या बेताविरुद्ध तो बोलला म्हणून बापाने दिलेली ती शिक्षा होती. प्रेक्षकाने तो चेहरा बारा भाग पाहिल्यावर त्यामागची हकीकत त्याला कळते आणि जो खलनायक वाटत होता त्याच्याकडे पाहण्याची नजर बदलते. चित्रपटात हीच हकीकत एका लहान मुलाच्या तोंडून घाईघाईने वदविली जाते आणि डाग तर इतका पुसट आहे की तो शोधावा लागतो.

येथवर जे सांगितले ते रचनेचे दोष झाले. अशा चुका अनेक चित्रपटांत होतात. या चित्रपटाची गोष्ट केवळ फसलेल्या रूपांतराची राहिली नाही, त्याचे कारण चेहरे. चित्रातल्या चेहऱ्याला जात-वंश चिकटवावा लागत नाही. मोठे डोळे, लहानसे नाक, दोन रेषांचे ओठ, एवढ्यात काम भागते. तरीही ते जग कोणत्या मातीतले आहे याबद्दल मालिकेने संदिग्धता ठेवली नव्हती. आंगचा पंथ तिबेटी भिक्षूंच्या वळणावर बेतलेला. हजारो खेळण्यांतून आपल्या पूर्वजन्मीची चार खेळणी त्याने लहानपणी ओळखून उचलली म्हणून तो अवतार ठरला, ही कथा कोठून आली हे सांगायला नको. कटारा आणि सोका यांच्या जलजमातीचा पोशाख, घरे, होड्या उत्तर ध्रुवाजवळील इनुइट लोकांच्या आणि दोघांचा वर्ण सावळा. अग्निराष्ट्राचा झुको मात्र गोरा. डिसेंबर २००८ मध्ये चित्रपटाचे चार प्रमुख कलावंत जाहीर झाले, ते चारही गोरे अमेरिकी होते. नटांच्या शोधासाठी काढलेल्या सूचनेतच ‘कॉकेशियन किंवा अन्य कोणत्याही वंशाचे’ असा क्रम होता. मालिकेचे चाहते खवळले. पत्रे लिहिली गेली, ‘रेसबेंडिंग’ नावाची चळवळ उभी राहिली, प्रदर्शनाच्या वेळी निदर्शने झाली.

मग एक बदल झाला आणि त्याने प्रकरण सुधारण्याऐवजी बिघडले. झुकोच्या भूमिकेसाठी निवडलेला जेसी मॅकार्टनी बाजूला झाला आणि त्याच्या जागी देव पटेल आला. तोच देव पटेल, ज्याचा मुंबईत चित्रित झालेला ‘स्लमडॉग मिलिअनेअर’ तेव्हा जगभर गाजत होता. त्याच्या भोवती मग अग्निराष्ट्र उभे राहिले : सेनापती झाओ म्हणून मुंबईत जन्मलेला आसिफ मांडवी, काका आयरो म्हणून इराणी वंशाचा शॉन टोब, सम्राट ओझाय म्हणून न्यूझीलंडचा माओरी नट क्लिफ कर्टिस. परिणामी चित्रातला सारा रंगक्रम उलटा झाला. जे सावळे होते ते गोरे झाले, जे गोरे होते ते सावळे झाले, आणि नेमके सावळे तेवढे आक्रमक! दक्षिण ध्रुवावरच्या वस्तीत मागे उभे असलेले गावकरी इनुइटांसारखे दिसतात; त्यांच्यातली दोन मुले आणि त्यांची आजी मात्र गोरी. पृथ्वीराज्यातले कैदी पूर्व आशियाई, आणि त्यांना स्वत्वाची जाणीव करून देणारा मुलगा गोरा. कोणी जाणूनबुजून हे केले असे मानण्याचे कारण नाही. सवय म्हणून झाले असेल, तर ती सवय कोणाची, हा प्रश्न उरतोच.

आणि दिग्दर्शक कोण? मलबार किनाऱ्यावरील माहे येथे १९७० साली जन्मलेले मनोज श्यामलन. आईवडील दोघेही डॉक्टर, बालपण पेन्सिल्व्हेनियात. त्यांचा पहिला चित्रपट ‘प्रेइंग विथ अँगर’ (१९९२) हा अमेरिकेत वाढून भारतात परतलेल्या एका तरुणाबद्दलचा होता, मद्रासेत चित्रित झालेला, आणि त्यात प्रमुख भूमिका त्यांनी स्वतःच केली होती. या मालिकेकडे ते वळले तेही आपल्या लहान मुलीमुळे. तिला सणाच्या दिवशी कटाराचा वेष घ्यायचा होता. म्हणजे एका भारतीय वंशाच्या मुलीला त्या सावळ्या नायिकेत आपण दिसलो होतो. टीका झाली तेव्हा श्यामलन यांचे उत्तर असे होते की, जपानी धाटणीच्या चित्रांतील चेहरे संदिग्धच असतात, त्यात प्रत्येकाला आपला चेहरा दिसतो, आणि आपल्या चित्रपटाइतके निरनिराळ्या वंशांचे लोक मोठ्या चित्रपटांत क्वचितच एकत्र आले असतील. संख्येचा हिशेब मांडला तर हे चुकीचे नाही. पण संदिग्ध चेहऱ्यात प्रत्येकाला आपला चेहरा दिसतो हे जर खरे, तर त्याच्या जागी माणूस उभा करताना कोणाचा तरी चेहरा पुसला जाणार, हेही तितकेच खरे. रेषेला निवड टाळता येते. कॅमेऱ्याला टाळता येत नाही.

या सगळ्यात उच्चारांची एक मौज आहे. अमेरिकी मालिकेत ‘अवतार’चा उच्चार ‘ॲव्हटार’ असा, आंगचा ‘ॲंग’ असा आणि ईरोचा ‘आयरो’ असा होत असे. श्यामलन यांनी हे सगळे सुधारले. त्यांच्या चित्रपटात ‘आ’ मोकळा म्हटला जातो, आशियाई जिभेला जवळचा असा. चाहत्यांना तेही रुचले नाही, हा भाग वेगळा. मराठी कानाला मात्र हा खटाटोप एकाच वेळी सुखावतो आणि बोचतो. स्वर शुद्ध झाले, तोंडे तेवढी बदलली. खुद्द ‘अवतार’ हा शब्द तर चित्रपटाच्या नावातून गळूनच पडला, कारण त्याच नावाचा जेम्स कॅमेरॉन यांचा चित्रपट डिसेंबर २००९ मध्ये येऊ घातला होता. दशावताराच्या कथा ऐकत वाढलेल्या माणसाला, हा शब्द कोणत्या कंपनीच्या मालकीचा यावर अमेरिकेत घासाघीस व्हावी, याचे हसू आल्यावाचून राहत नाही.

चित्रपटात चांगले काहीच नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. आरंभीचा बर्फ खरा आहे, ग्रीनलंडमधील इलुलिसाटचा; अँड्र्यू लेस्नी यांच्या छायालेखनात त्या निळसर प्रकाशाची थंडी जाणवते. जेम्स न्यूटन हॉवर्ड यांचे संगीत तर पटकथेपेक्षा अधिक काही सांगते. शेवटच्या युद्धातील एक बदल विचारपूर्वक केलेला दिसतो. मालिकेत आंग सागरदेवतेशी एकरूप होतो आणि आरमाराचा चुराडा करतो. चित्रपटात तो प्रचंड लाट उभी करतो, ती शत्रूच्या जहाजांवर तशीच तोलून धरतो आणि शत्रू माघारी वळतो. मालिकेच्या अखेरीस हाच मुलगा क्रूर सम्राटालाही ठार मारण्यास नकार देतो. तो शेवट ध्यानात घेतला तर, कोणाचाही जीव न घेणारी ही लाट त्याच्या स्वभावाला मूळ प्रसंगापेक्षा अधिक शोभते. आपण काय हाती घेतले आहे याची दिग्दर्शकाला जाण होती, हे त्या एका लाटेवरून कळते. म्हणूनच बाकीच्याचे वाईट वाटते.

अवताराचा बालदेह पडद्यावर आणण्याचा प्रश्न आपल्याकडे फार पूर्वी एकाने सोडविला होता. दादासाहेब फाळके यांच्या ‘कालिया मर्दन’मध्ये (१९१९) कृष्णाची भूमिका त्यांची कन्या मंदाकिनी हिने केली. चित्रपटाच्या आरंभी फाळके प्रेक्षकांना प्रथम ती मुलगीच दाखवितात. ती निरनिराळे भाव चेहऱ्यावर आणून दाखविते आणि मग तिचा कृष्ण होतो. ही मुलगी आहे, देव नव्हे, हे आधीच सांगून टाकलेले. त्यानंतर ती पाण्यात कालियाशी झुंजते तेव्हा आजच्या नजरेला त्या नागाची करामत कितीही भाबडी वाटो, पोरीच्या डोळ्यांतला खट्याळपणा खरा आहे आणि त्या जोरावर बाकीचे सगळे मान्य होते. फाळक्यांपाशी संगणक नव्हता. खेळकर पोर मात्र होते, आणि तिला खेळू देण्याइतकी उसंत त्यांनी कथेला दिली होती.

‘द लास्ट एअरबेंडर’वर पंधरा कोटी डॉलर खर्च झाले आणि जगभरातून सुमारे बत्तीस कोटी डॉलर गोळा झाले, तेव्हा तो आपटला असे धंद्याच्या भाषेत म्हणता येत नाही. समीक्षकांनी मात्र त्याची धूळधाण केली. रॉजर एबर्ट यांच्यासारख्या दिलदार समीक्षकाने चारांपैकी अर्धा तारा दिला. २०११ मध्ये निकृष्टतेबद्दल दिली जाणारी पाच ‘रॅझी’ पारितोषिके त्याच्या वाट्याला आली, त्यांत एक त्रिमितीच्या दुरुपयोगाबद्दलचे होते. चित्रपटाचा शेवट पुढच्या भागाकडे बोट दाखवून होतो; तीन चित्रपट काढण्याचा बेत होता. दुसरा निघालाच नाही.

चौदा वर्षांनी, २२ फेब्रुवारी २०२४ रोजी, नेटफ्लिक्सने हीच कथा पुन्हा माणसांकडून वठवून आठ भागांत सादर केली. मालिकेचे मूळ निर्माते या कामात प्रारंभी होते. मतभेद होऊन २०२० मध्ये ते बाहेर पडले. चेहऱ्यांची चूक या वेळी झाली नाही. आंग झालेला गॉर्डन कॉर्मियर, मोहॉक जमातीतील किआवेन्टीयो, डॅलस लियू, सम्राटाच्या भूमिकेत डॅनियल डे किम. वेडसर राजा बूमीच्या भूमिकेत तर भारतीय वंशाचे उत्कर्ष आंबुडकर. पंधरा वर्षांपूर्वी रस्त्यावर उतरलेल्या मुलांची मागणी बिनबोभाट मान्य झाली असेच म्हणायचे. परंतु धास्ती दुसऱ्या रूपाने शिल्लक होती. मूळ मालिकेत आंगच्या लोकांची कत्तल दाखविलेलीच नाही. तो ओसाड मठात जातो आणि आपल्या गुरूचा सांगाडा पाहतो, बस्स. नव्या मालिकेने ती कत्तल आरंभीच, ज्वाळांसह, सविस्तर दाखविली. मूळचा आंग जबाबदारी टाकून पळाला होता आणि त्या पळण्याचा सल त्याला अखेरपर्यंत होता. नव्या मालिकेतला आंग मन मोकळे करायला जरा फेरफटका मारतो आणि वादळात सापडतो. मुलांच्या कार्टूनने जो अपराध मुलाच्या माथी ठेवला होता, तो मोठ्यांसाठी केलेल्या रूपांतराने काढून घेतला.

मूळ मालिकेच्या दुसऱ्या पर्वात एक प्रसंग आहे. वृद्ध आयरो एका टेकडीवरील झाडाखाली बसतो, युद्धात मेलेल्या मुलाची तसबीर पुढे ठेवतो, आणि एक छोटेसे गाणे म्हणता म्हणता त्याचा आवाज फुटतो. मिनिटभर चित्र जवळजवळ हलत नाही. आयरोला आवाज देणारे जपानी-अमेरिकी नट माको हे जुलै २००६ मध्ये निवर्तले, आणि तो प्रसंग त्यांना अर्पण केलेला आहे. श्यामलन यांचा चित्रपट त्या टेकडीपर्यंत पोहोचलाच नाही. २०२४ च्या मालिकेने हे गाणे वेगळ्या ठिकाणी आणले : आयरोच्या मुलाच्या अंत्यविधीत. लोक येतात, ठरीव शब्द बोलून जातात. पॉल सन-ह्युंग ली हा नट हात मांडीवर ठेवून नुसता बसलेला आहे. ज्वाला नाही, लाट नाही, उडणारा धोंडा नाही. गाण्याचे शब्दही नाहीत, फक्त चाल वाजते. पोरगेला झुको येतो आणि काही न बोलता काकाच्या शेजारी बसतो.